टीका, तळटीप आणि मूळ कायदा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. आणि दिवाणी तंट्यापुरता तिच्यात बराच अर्थही आहे. दोघा भावांनी वाटणीचा वाद घरातच मिटवावा, भाडेकरूशी चार पावले मागे सरून तडजोड करावी, हे शहाणपणाचेच होय. परंतु फौजदारी कायद्याची गोष्ट निराळी. तेथे पायरी चढावी की नाही हे आपल्या मनावर राहत नाही. ती पायरीच एखाद्या दिवशी आपल्या दाराशी येऊन उभी राहते. मुलाच्या गाडीखाली कोणी सापडते, आजोबांच्या खात्यातून कोणी ठग आयुष्याची पुंजी काढून नेतो, भाच्याने मोबाईलवरून पाठविलेल्या चार ओळींवरून कोणी फिर्याद देते. आणि ज्या घराने पोलीस ठाण्याचा उंबरा कधी पाहिला नाही, त्या घरास एका रात्रीत जामीन, रिमांड, आरोपपत्र हे शब्द शिकावे लागतात. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणाऱ्या मंडळींस हे निराळे सांगावयास नको. नाक्यावरून थोडे चालून गेले की कोर्ट नाका लागतो, तेथे जिल्हा व सत्र न्यायालय आहे, आणि जवळच जुन्या किल्ल्याच्या तटाआड मध्यवर्ती कारागृह आहे. काळा डगला घातलेले वकील आणि कागदांची पिशवी छातीशी धरून त्यांच्यामागून धावणारे आईबाप हे तेथील रोजचे दृश्य होय.

असा प्रसंग ओढवला म्हणजे सुशिक्षित घरात एक गोष्ट हटकून घडते. वडीलधाऱ्यांपैकी कोणी कपाटातून कायद्याचे जाडजूड पुस्तक काढतात आणि चष्मा पुसून अनुक्रमणिका चाळू लागतात. दुसऱ्या खोलीत पुतण्या संगणकावर तोच प्रश्न शोधतो. अर्ध्या तासाने दोघांसही उत्तर सापडते. बहुधा ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कधी कधी दोन्ही शिळी असतात. वकिलांकडे जाण्यापूर्वी स्वतः काही वाचून समजून घ्यावे ही वृत्ती आम्हांस स्तुत्य वाटते. ती सोडू नये. परंतु फौजदारी कायद्याचे पुस्तक कसे वाचावे याची एक रीत आहे, आणि ती न पाळल्यास काय घडते याचे एक मोठे उदाहरण आमच्या या जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडले आहे. त्याविषयी आज चार गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम मूळ आणि टीका यांतील भेद पाहू. आपल्या वाचकांस तो नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृती हे मूळ. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी कल्याणी येथे विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेली मिताक्षरा ही टीका. पण आपल्या परंपरेत टीकाकाराचा अधिकार एवढा मोठा की, वारसाच्या बाबतीत मिताक्षरा हीच शतकानुशतके कायदा होऊन बसली. बंगालने जीमूतवाहनाचा दायभाग मानला, आपण मिताक्षरा मानली, आणि इंग्रजी न्यायालयांनीही १९५६ पूर्वीच्या कित्येक निवाड्यांत वारस कोण हे याच ग्रंथांवरून ठरविले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला, ते स्वतः वकिली करीत असत. स्मृतीचा श्लोक आणि त्यावरील टीका यांचा संबंध त्यांच्या ग्रंथात पानोपानी दिसतो. यामुळे आपल्या मनात एक ग्रह नकळत घर करून असतो, तो हा की थोर टीकाकाराने लिहिले म्हणजे तेच शास्त्र.

फौजदारी कायद्यात मात्र हा ग्रह घातक ठरतो. तेथे टीका कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी ती कायदा होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने असे बांधून दिले आहे की, कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच माणसास दोषी ठरविता येईल, आणि त्या वेळच्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा त्यास देता येणार नाही. म्हणजे प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा असेल तेथे विधिमंडळाने केलेला कायदा आणि वरिष्ठ न्यायालयांनी त्याचा लावलेला अर्थ, एवढेच प्रमाण. बाकी सर्व, मग तो टीकाग्रंथ असो, निवाड्यांचा सारसंग्रह असो, विधी आयोगाचा अहवाल असो की नियतकालिकातील लेख असो, वाट दाखविणारा दिवा आहे. दिवा पाहिजेच, पण दिव्यालाच मुक्काम समजून कोणी बसू नये.

इंग्लंडात एकदा हा दिवाच मुक्काम झाला होता, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. सर मॅथ्यू हेल हे सतराव्या शतकातील थोर न्यायाधीश. त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १७३६ साली, त्यांचा फौजदारी कायद्यावरील ग्रंथ छापला गेला. पतीने पत्नीवर बळजबरी केली तरी तो गुन्हा होऊ शकत नाही, असे एक विधान त्यात होते. त्यास आधार म्हणून त्यांनी एकही निवाडा दिलेला नव्हता. पुढच्या ग्रंथकारांनी हेलचा दाखला दिला, त्यांच्या पुढच्यांनी त्या ग्रंथकारांचा दिला, आणि निराधार वाक्य कायदा म्हणून अडीचशे वर्षे चालले. १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मोडीत काढले. एका पुस्तकावरून दुसरे पुस्तक लिहिण्यात केवढा धोका असतो, याहून अधिक काय सांगावे?

इतके म्हटल्यावर टीकाग्रंथांस आम्ही कमी लेखतो असा समज मात्र होऊ नये. त्यांच्यावाचून कायद्याच्या अरण्यात पाऊल टाकणे अशक्य आहे. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यातील एकेका शब्दाने न्यायालयांचे किती श्रम घेतले! चोरी म्हणजे काय हे कलमात चार ओळींत सांगितले आहे. परंतु नवऱ्याने बायकोचे दागिने नेले तर ती चोरी होते काय, याचे उत्तर शोधावयाचे तर शेकडो निवाडे धुंडाळावे लागतील. ते काम मुंबईच्या रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर या जोडीने केले. बॉम्बे लॉ रिपोर्टर हे निवाड्यांचे नियतकालिक त्यांनी १८९९ साली सुरू केले, आणि त्यांच्या दंड संहितेवरील ग्रंथाच्या आवृत्त्या त्यांच्या मागेही निघत राहिल्या. पुराव्याच्या कायद्यासाठी सरकार यांचा ग्रंथ, फौजदारी प्रक्रियेसाठी सोहोनींचा ग्रंथ ही नावे वकिलांच्या तोंडी असतात. आणि नागपूरच्या व्ही. व्ही. चितळे यांनी उभ्या केलेल्या ऑल इंडिया रिपोर्टरने तर साऱ्या देशातील उच्च न्यायालयांचे निवाडे एका ठिकाणी आणून दिले. महाराष्ट्रातील एका शहरातून निघालेल्या या पुस्तकांनी हिंदुस्थानभर वकिलांची कपाटे भरली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

अशा ग्रंथाचा उपयोग करण्याची रीत सोपी आहे. प्रथम आपली हकीकत एका कागदावर तारखांसह लिहावी. त्यातून कलम कोणते लागू होते ते पाहावे, एफ.आय.आर. असेल तर तिच्यात ते लिहिलेलेच असते. मग टीकाग्रंथात त्या कलमाखालील चर्चा वाचावी, आणि आपल्या हकीकतीशी मिळतेजुळते निवाडे कोणते ते टिपून ठेवावे. येथवर पुस्तकाचे काम झाले. यापुढे ते पुस्तक मिटून मूळ कलम आणि मूळ निवाडा वाचावयास हवा. आणि बहुतेक जण चुकतात ते येथेच, कारण टीकाकाराने निवाड्याचे सार एका वाक्यात दिलेले असते आणि ते वाक्य आपल्या सोयीचे असले म्हणजे पुढे जाण्याचा कंटाळा येतो.

निवाड्यांच्या छापील पुस्तकातही एक खाचखळगा आहे. प्रत्येक निवाड्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत त्याचा सारांश असतो. वकील मंडळी त्यास हेडनोट म्हणतात. ती बहुधा संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नव्हे. ती निवाड्याचा भाग नाही. हेडनोट वाचून निवाडा वाचल्याचे समाधान मानणे म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचून पत्र वाचल्याचे समाधान मानण्यासारखे आहे.

आता ते उदाहरण पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही मजकूर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींसही अटक झाली. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. ज्या कलमांचा आधार घेतला गेला त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ हे एक होते. त्रासदायक किंवा अतिशय आक्षेपार्ह संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते. या अटकेची चर्चा देशभर झाली, आणि श्रेया सिंघल नावाच्या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवून संपूर्ण रद्द केले. त्रास म्हणजे काय, आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्याच नसल्याने कोणता शब्द गुन्हा होईल हे कोणासही आगाऊ कळणे शक्य नाही, असे त्याचे एक मुख्य कारण होते.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु २०२१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयास दाखवून दिले की, कलम रद्द होऊन सहा वर्षे झाली तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवीतच आहेत. मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत त्या मृत कलमाखालचे ७४५ खटले पडून होते. ज्यांनी ते कलम रद्द केले तेच न्यायमूर्ती नरिमन त्या दिवशी न्यायासनावर होते, आणि त्यांनी धक्का बसल्याचे बोलून दाखविले. असे व्हावे कसे? महान्यायवादी वेणुगोपाल यांनी दिलेले उत्तर आमच्या मते प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे असे आहे. ते म्हणाले त्याचा आशय असा की, कायद्याच्या पुस्तकात ते कलम पूर्वीप्रमाणेच छापलेले असते. ते रद्द झाल्याची हकीकत केवळ तळटीपेत असते.

वाचकहो, याचा अर्थ नीट पाहा. पोलीस अंमलदाराने पुस्तक उघडले, कलम सापडले, ते मोठ्या अक्षरांत होते, खाली चार बारीक ओळी होत्या, त्या वाचल्या गेल्या नाहीत, आणि कोणा घरचा मुलगा वा मुलगी आरोपी झाली. कायद्याच्या भाषेत तळटीप ही कलमाचा भाग नव्हे. पण या ठिकाणी मूळ अक्षरे मेलेली होती आणि प्राण तळटीपेत होता. १४ जुलै २०२१ रोजी केंद्रीय गृहखात्याने सर्व राज्यांस पत्र पाठवून असे गुन्हे नोंदवू नयेत आणि नोंदविलेले मागे घ्यावेत असे कळविले. पुढे १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही असा आदेश दिला. आणि त्याच आदेशात आणखी एक गोष्ट सांगितली, ती ही की, सरकारी असो वा खाजगी, ज्या प्रकाशनात ते कलम उद्धृत होईल त्या प्रकाशनाने ते घटनाबाह्य ठरले आहे हे वाचकांस पुरेशा स्पष्टपणे कळविले पाहिजे. पुस्तक कसे छापावे याविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायालयास आज्ञा करावी लागली, यावरून पुस्तक कसे वाचावे याचे महत्त्व ध्यानात यावे.

याहून मोठा पालट १ जुलै २०२४ रोजी झाला. त्या दिवसापासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. जुन्या दंड संहितेत ५११ कलमे होती, नव्या न्याय संहितेत ३५८ आहेत. यामुळे आपल्या कपाटातील सर्व टीकाग्रंथांचे आकडे एका दिवसात जुने झाले. आकडा नुसता निराळा असता तर फारसे बिघडले नसते. परंतु जुनाच आकडा आता भलत्याच गोष्टीचा वाचक झाला आहे. तीनशे दोन म्हणजे खून, हे आपल्याकडे शाळकरी पोरासही ठाऊक. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हे कलम धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचे आहे. जुन्या प्रक्रिया संहितेचे कलम १४४ म्हणजे जमावबंदीचा आदेश. नव्या संहितेचे कलम १४४ म्हणजे बायको, मुले व आईबाप यांची पोटगी. जुने ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नवे ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. घरातील वडीलधाऱ्यांनी जुन्या पुस्तकातून आणि पुतण्याने नव्या संकेतस्थळावरून ४८२ काढले, तर दोघेही खरे बोलत असतील आणि तरीही एकमेकांस वेड्यात काढतील.

तथापि जुने ग्रंथ रद्दीत घालण्याची घाई कोणी करू नये. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडला असेल तर त्यास दंड संहिताच लागू होते, आणि त्या दिवशी चालू असलेले तपास, खटले व अपिले यांस जुनी प्रक्रियाच लागू राहावी असे नव्या कायद्याने जपून ठेवले आहे. म्हणून पहिला प्रश्न कलमाचा नसून तारखेचा असतो. कृत्य कोणत्या दिवशी घडले यावरून गुन्ह्याची संहिता ठरावयाची, आणि कारवाई कोणत्या दिवशी चालू होती यावरून प्रक्रियेची. शिवाय ज्या कलमांचे शब्द नव्या संहितेत जसेच्या तसे आले आहेत, त्यांच्याविषयी दीडशे वर्षांचे निवाडे अजूनही मार्गदर्शक आहेत. शब्द कोठे बदलले आहेत हे मात्र दोन्ही मजकूर शेजारी ठेवूनच पाहावयास हवे. उदाहरणार्थ, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफ.आय.आर. नोंदविलीच पाहिजे, असा ललिता कुमारी खटल्यातील २०१३ चा निवाडा प्रसिद्ध आहे; परंतु तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कलम १७३ ने पोलिसांस दिली आहे. केवळ २०१३ चा निवाडा वाचून ठाण्यावर हुज्जत घालणाऱ्याची येथे फजिती होण्याचा संभव आहे.

पुस्तकाच्या शिळेपणाचे मोल कधी कधी एका दिवसात मोजता येते. तपास साठ किंवा, मोठ्या गुन्ह्यांत, नव्वद दिवसांत पुरा होऊन आरोपपत्र आले नाही, तर कोठडीतील आरोपीस जामिनाचा हक्क मिळतो; जुन्या कलम १६७ ची ही तरतूद नव्या कलम १८७ मध्येही आहे. कायद्यात साठ आणि नव्वद हे आकडे स्वच्छ आहेत. परंतु मोजणी कोठून करावयाची? न्यायाधीशाने कोठडीत धाडले तो दिवस धरावयाचा की सोडावयाचा? सर्वोच्च न्यायालयाच्याच १९८६ च्या एका निवाड्यात तो धरला होता, १९९५ च्या दुसऱ्यात सोडला होता. आणि टीकाग्रंथांत दोहोंचा उल्लेख असल्याने ज्यास जो सोयीचा तो त्याने उचलावा, अशी स्थिती होती. मुंबईतील कपिल वाधवान यांच्या खटल्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. कोठडीचा पहिला आदेश १४ मे २०२० चा. तो दिवस धरला तर साठावा दिवस १२ जुलै, रविवार. सोडला तर १३ जुलै. कागदपत्रे न्यायालयात प्रत्यक्ष दाखल झाली ती १३ जुलै रोजी! मुंबई उच्च न्यायालयाने पहिला दिवस धरून जामीन दिला, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तोच हिशेब योग्य ठरविला. आरोपी श्रीमंत होता की गरीब, याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. तो नियम आता सर्वांस आहे. ज्याच्या हातात त्यापूर्वीची आवृत्ती असेल त्याचा हिशेब एका दिवसाने चुकू शकेल, आणि कारागृहातील माणसास एक दिवस म्हणजे काय हे बाहेरच्याने सांगू नये. यात आणखी एक मेख आहे. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. त्यासाठी आरोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो, असे उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निवाड्यात सांगितलेले आहे. कलमाचे नुसते शब्द वाचणाऱ्याच्या हे लक्षात येणे कठीण. येथेच चांगल्या टीकाग्रंथाची किंमत कळते.

कलम जिवंत आहे की नाही हे पाहावे, तसा निवाडाही जिवंत आहे की नाही हे पाहावे. व्यभिचारास शिक्षा सांगणारे दंड संहितेचे कलम ४९७ घटनेस धरून आहे, असा निर्णय १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने दिला. तेहतीस वर्षे प्रत्येक टीकाग्रंथाने तो निवाडा आदराने छापला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्या पाचांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, आणि वडिलांचा निर्णय टिकण्याजोगा नाही असे त्यांनी स्वतंत्र निकालपत्रात लिहिले. पितृभक्ती आणि न्यायबुद्धी यांत कोठे विरोध आला असे आम्हांस वाटत नाही. पण २०१७ ची आवृत्ती वाचणाऱ्यास हे कोठून कळावे?

एवढ्यावरून असे दिसेल की टीकेचे काम केवळ कायद्याच्या मागून चालण्याचे आहे. तसे नाही. कधी कधी टीका पुढे चालते आणि कायदा तिच्या मागून येतो. १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांस सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यास त्या निवाड्यात मोठे वजन दिले गेले. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात भयाने मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी निवाड्याचाच मजकूर पुढे ठेवून दाखवून दिले. त्या पत्रास कायद्याचे बळ काडीचे नव्हते. परंतु देशभर चळवळ उठली, विधी आयोगाचा ८४ वा अहवाल १९८० साली आला, आणि १९८३ साली कायदा बदलला; कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात, संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. नीट वाचणाऱ्या चौघांनी काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. त्यांनी सारांश वाचून पत्र लिहिले असते तर ते कोणी मनावर घेतले नसते.

सध्या ग्रंथांचे काम बरेचसे संगणकाने उचलले आहे, आणि त्याचा लाभ सामान्य घरांस मोठा आहे. केंद्र सरकारचे इंडिया कोड हे संकेतस्थळ मूळ कायदे फुकट दाखविते. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडेही ई-एससीआर या नावाने विनामूल्य पाहता येतात. पूर्वी ज्यासाठी वकिलांच्या ग्रंथालयात विनवणी करून बसावे लागे ते आता टेंभी नाक्यावरच्या घरात बसून वाचता येते. पण प्रश्न विचारताच गोड भाषेत उत्तर देणारी जी नवी यंत्रे आली आहेत, त्यांच्याविषयी सावध असावे. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली दोघा वकिलांनी अशा यंत्राने पुरविलेले सहा निवाडे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशाने पाच हजार डॉलरचा दंड केला. हेल यांनी निराधार वाक्य लिहिले तेव्हा निदान लिहिणारा एक विद्वान न्यायाधीश होता.

तर मग घरातील माणसाने करावे काय? आम्ही चार प्रश्न सुचवितो. आपली घटना कोणत्या तारखेची आहे? हातातील पुस्तक कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा सांगते? त्यात दिलेला निवाडा आपण मुळातून वाचला काय? आणि ते कलम व तो निवाडा आज जिवंत आहेत काय? या चारांची उत्तरे एका वहीत लिहून, ती वही घेऊन वकिलांकडे जावे. वकिलांस कायदा शिकविण्याचा आव आणू नये. परंतु नेमका प्रश्न विचारणाऱ्या अशिलास नेमके उत्तर मिळते, हा अनुभव सर्वांचा आहे. ज्यांस वकील करण्याचे सामर्थ्य नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसे यांस, त्यांचे उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. घरी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा अडचणीत सापडला तर एवढी माहिती तिला देणे हे सुशिक्षित घराचे कर्तव्यच होय.

आणि कपाटातील त्या जुन्या पुस्तकाचे एक करावे. पहिल्या कोऱ्या पानावर आपले नाव आपण लिहितोच. त्याखाली, यातील कायदा अमुक वर्षापर्यंतचा आहे, असे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. पुढे कधी नातवाने ते अडचणीच्या रात्री उघडले, तर निदान ती एक तळटीप त्याच्या नजरेतून सुटणार नाही.